हाकेला बघत नाही पण मिक्सर लावला की कान झाकतो, हा ऑटिझम असेल का?

तुम्ही लिहिलंय की बहिणीचा मुलगा 3 वर्षांचा आहे, हाक मारली तर बघत नाही, मिक्सर लावला की कान झाकून रडतो आणि घरचे म्हणतात लाडावलाय, मोबाईलमुळे झालंय. माझा मुलगा आता 11 वर्षांचा आहे, आम्ही फोंड्याला राहतो, आणि तो एवढा असताना मी हेच सगळं ऐकलंय म्हणून लिहितेय.

ऑटिझमच आहे का ते मी इथून नाही सांगू शकत, ते डॉक्टरांनी मूल बघूनच ठरतं. आधी कानांची बेरा टेस्ट (नीट ऐकू येतं का ते बघणारी तपासणी) करून घ्या, कमी ऐकू येणारी मुलंही हाकेला बघत नाहीत. पण मोबाईलचं तेवढं डोक्यातून काढा, लिओ कॅनर या डॉक्टरांनी 1943 मध्ये ऑटिझम असलेल्या 11 मुलांबद्दल लिहिलं तेव्हा मोबाईल सोडाच, घरोघरी टीव्हीसुद्धा नव्हता.

आमच्याकडे चवथीला घुमट आरती असते, म्हणजे घुमट हे चामडं लावलेलं मातीचं वाद्य वाजवत केलेली आरती. त्या वर्षी घुमट वाजायला लागली आणि हा जमिनीवर डोकं आपटायला लागला, कोणी म्हणालं दृष्ट काढ, आणि मी काय केलं तर त्याला घट्ट धरून गणपतीसमोर नेलं. अजून आठवलं की पोटात कालवतं. नंतर थेरपिस्टने समजावलं की तो आवाज त्याला आवडत नाही असं नाही, तो त्याला अक्षरशः सहन होत नाही. आपला मेंदू पंख्याचा, भांड्यांचा आवाज मागे ढकलतो आणि आपलं नाव बरोबर उचलतो, त्याच्याकडे सगळं एकदमच आत येतं. आवाज, उजेड, कपड्याचा स्पर्श हे असं जास्त किंवा कमी जाणवणं 2013 पासून निदानाच्या निकषांतही आहे. काही मुलं उलट मोठा आवाज मुद्दाम शोधतात, सगळी सारखी नसतात.

आता आरतीच्या आधी मी त्याला सांगून ठेवते, तो कानाला हेडफोन लावून मागच्या खोलीत बसतो. आणि माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर फळं-भाज्या बांधून टांगलेली चौकट! तिच्याखाली तो तासभर पडून असतो, नारळ, तोरिंग, कवंडळं, सुपारी, सगळं बांधलेल्या क्रमाने म्हणतो, गेल्या वर्षी एक तोरिंग कोणीतरी सरकवलं ते त्यालाच कळलं. बोलायचं म्हणाल तर बरीच वर्षं तहान लागली की तो "तुला पाणी हवंय?" असं म्हणायचा, म्हणजे मी विचारते तेच वाक्य. आम्हाला वाटायचं नुसता पोपटासारखा बोलतो, पण तो पाणीच मागत होता.

बहीण गोव्यातच असेल तर बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजमध्ये) मुलांच्या विभागात दाखवा. निदानाची वाट बघत बसू नका, स्पीच आणि ऑक्युपेशनल थेरपी आधीही सुरू करता येते. निदान झालंच तर दिव्यांग सर्टिफिकेटसाठी अर्ज करा, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे. आणि मिक्सर लावायच्या आधी त्याला सांगायचं, दाखवायचं, शक्य असेल तर तो अंगणात असताना लावायचा, हे तर आजपासूनच करता येईल.