‘सिरस’ नाव एकच, शेपट्या वेगळ्या

प्रश्न : मी देवगडजवळ राहतो. हडपसरला ग्लायडिंग, म्हणजे बिनइंजिनाचं विमान उडवायला शिकलो, ग्लायडर पायलटचं लायसन्स आहे. जर्मनीतल्या एका गृहस्थांकडून जुनं ‘स्टँडर्ड सिरस’ ग्लायडर घ्यायचं ठरलं. ‘युगोस्लाव्हियात बांधलेलं जी/८१, स्थिर शेपटीचं’ (जी/८१ हे त्याचं नंतरचं मॉडेल) असं त्यांनी ईमेलमध्ये लिहिलं होतं. मी दोन हजार युरो इसार पाठवला. आता फोटो आले, तर ग्लायडरवरच्या माहितीच्या पाटीवर जुनं मॉडेल आणि शेपटी अख्खी हलणारी. ते म्हणतात, ‘जसं आहे तसं’ विकलंय. फायबरच्या होड्या बांधणारा माझा मित्र म्हणतो, घेऊन टाक, साचा काढून आपण इथेच आणखी बांधू. काय करू?

उत्तर : आधी एक करा, उरलेले पैसे थांबवा. तुमची बाजू भक्कम आहे, पण ती पैसे हातात असेपर्यंतच.

विक्रेता याला किरकोळ फरक म्हणेल. तो किरकोळ नाही. क्लाउस होलिगहाउस यांनी शेम्प-हिर्थ या जर्मन कंपनीसाठी आखलेलं हे १५ मीटर पंखांचं ग्लायडर १९६९ मध्ये पहिल्यांदा उडालं. पुढे ग्रोब कंपनीने परवाना घेऊन त्याचे २०० नग बांधले. फ्रान्समध्ये आणि युगोस्लाव्हियातही परवान्यावर बांधणी झाली. मूळ रचनेत मागची आडवी शेपटी सबंध फिरते, वेगळा एलेव्हेटर (शेपटीच्या मागच्या कडेची वर-खाली हलणारी पट्टी) नसतो. पायलटच्या हातातली स्टिक (दांडा) जरा हलली की नाक लगेच वर-खाली होतं, आणि दोन सीटच्या शांत ग्लायडरवर तयार झालेला हात उड्डाणाच्या पहिल्या क्षणांत हमखास जास्त जोर लावतो. जी/८१ मध्ये स्थिर शेपटी आणि तिला जोडलेला एलेव्हेटर आला. तुम्ही तेच पाहून ‘हो’ म्हणालात. म्हणजे हा तुमच्या जिवाचा प्रश्न आहे, आणि तितकाच कराराचाही.

कायदा कुठला? आंतरराष्ट्रीय मालविक्रीचा संयुक्त राष्ट्रांचा करार इथे लागत नाही. विमानं त्यातून वगळलेली आहेत आणि भारत त्याचा सदस्यही नाही. तुमच्यात वेगळं ठरलं नसेल, तर विक्रेत्याच्या देशाचा म्हणजे जर्मनीचा कायदा लागेल. तिथे खासगी विक्रेता ‘जसं आहे तसं’ म्हणून जबाबदारी टाळू शकतो. पण जो गुण त्याने ठरवून सांगितला, त्याला ते कलम झाकत नाही. आणि दोष जाणूनबुजून लपवला असेल तर जर्मन नागरी संहितेच्या कलम ४४४ मुळे सूटच मिळत नाही. ‘जी/८१, स्थिर शेपटी’ हा असा ठरलेला गुण आहे. जुन्या मॉडेलचं जी/८१ करता येत नाही, म्हणून करार रद्द करून इसार परत मागा. ईमेल, जाहिरात, पाटीचा फोटो, बँकेची पावती जपून ठेवा आणि रद्द केल्याचं लेखी कळवा. फोनवर बोलून सोडू नका.

पुन्हा असा व्यवहार करायचा झाला तर करारात पाटीवरचं मॉडेल, अनुक्रमांक आणि बांधणारा कारखाना लिहून घ्या. दुसरी अट अशी की डीजीसीएने (भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने) आयातीला लेखी मान्यता दिल्यावरच उरलेली रक्कम द्यायची. आयात विमानांच्या वयाविषयी त्यांचे नियम खासगी, हौशी उड्डाणालाही लागतात आणि तुमचं ग्लायडर पन्नाशीकडे झुकलेलं आहे. शिकागो कराराच्या कलम १८ नुसार एक विमान दोन देशांत नोंदवता येत नाही, तेव्हा जर्मन ‘डी’ नोंदणी रद्द झाल्याचा दाखला हवाच. त्यानंतर इथली ‘व्हीटी’ नोंदणी आणि उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र. जुने उड्डाणयोग्यता आदेश (धोका आढळला की मालकांना सक्तीने करायला लावलेल्या तपासण्या-दुरुस्त्या) पाळले गेलेत का, हे लॉगबुकातून तपासून घ्या. २०१० मध्ये ऑस्ट्रियात एका ब्लानिक एल-१३ ग्लायडरचा पंख तुटला आणि जगभरच्या एल-१३ ची उड्डाणं थांबवली गेली. अशा आदेशांचा भार शेवटी मालकावरच येतो. सीमाशुल्कात बिनइंजिनाचं ग्लायडर ८८०१ या शीर्षकाखाली येतं, इंजिन असलेलं नाही. हेही कस्टम ब्रोकरला आधीच सांगा.

आता साच्याचं. डिझाइन कायदा, २००० खाली संरक्षण जास्तीत जास्त १५ वर्षं. नोंदवता येण्याजोगं पण न नोंदवलेलं डिझाइन औद्योगिक पद्धतीने पन्नासहून जास्त वेळा वापरलं गेलं की कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ खाली त्यातला हक्क संपतो. म्हणून मित्राला वाटतं, वाट मोकळी आहे. अडसर वेगळ्या ठिकाणी आहे. होडी आपण बांधून खाडीत सोडतो. ग्लायडरला आधी टाइप सर्टिफिकेट (त्या रचनेला मिळालेलं सुरक्षिततेचं प्रमाणपत्र) किंवा डीजीसीएची खास परवानगी लागते. बाहेरच्या आकाराचा साचा निघेल, पण आतला स्पार, म्हणजे पंखाचा भार पेलणारा मुख्य दांडा, कसा रचायचा, कापडाचे थर किती, कुठल्या दिशेने, भारचाचणी कशी, हा सगळा तपशील प्रमाणपत्रधारकाकडे असतो. मूळ कंपनीचा परवाना म्हणजे खरं तर याच कागदांचा परवाना. ‘सिरस’ नाव लावून विकलं तर ट्रेडमार्कचा दावाही येईल.

मित्राच्या हाताला काम आहेच. योग्य ग्लायडर मिळालं, की आपल्या खाऱ्या, ओल्या हवेत ते उघड्यावर ठेवता येणार नाही. बंद, हवेशीर ट्रेलर त्याच्याकडूनच फायबरमध्ये बांधून घ्या.