वाचकांचे प्रश्न : होलिस्टिक हेल्थचे प्रमाणपत्र परिचारिकेच्या किती उपयोगाचे?

समग्र आरोग्य शिक्षणाच्या म्हणजे होलिस्टिक हेल्थच्या प्रमाणपत्रांविषयी कोल्हापूर जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी ही पदविका) झालेली असून राजारामपुरीतील एका खासगी रुग्णालयात आठ वर्षांपासून वॉर्डमध्ये काम करते. ‘सर्टिफाइड होलिस्टिक हेल्थ एज्युकेटर’ अशा नावाच्या सहा महिन्यांच्या ऑनलाइन अभ्यासक्रमाची जाहिरात मोबाइलवर सतत येते. शुल्क 35,000 रुपये असून आहार, योग, ध्यान, ताणनियोजन आणि समुपदेशन असे विषय आहेत. हा अभ्यासक्रम केल्याने पगार वाढेल का? सरकारी नोकरीत त्याचा उपयोग होईल का? आमच्या मेट्रन मॅडम म्हणतात, “उगाच कागद गोळा करत बसू नकोस.”
— एक परिचारिका, कोल्हापूर

उत्तर : ताई, सरकारी नोकरीविषयीचे उत्तर सरळ आहे, म्हणून ते आधी देते. राज्यातील अधिपरिचारिकेच्या पदासाठी जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग ही पात्रता आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडील चालू नोंदणी पाहिली जाते. सातव्या वेतन आयोगानुसार या पदाची वेतनश्रेणी 35,400 ते 1,12,400 रुपये आहे आणि तुम्ही म्हणता त्या प्रमाणपत्रामुळे तीत एका रुपयाचीही भर पडत नाही. एम्स रुग्णालयांसाठी होणाऱ्या नॉरसेट परीक्षेला जीएनएम उमेदवाराकडून किमान 50 खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभव मागितला जातो. तुमचे रुग्णालय तेवढे मोठे असेल, तर तिथे तुमची आठ वर्षे कामी येतील. हे प्रमाणपत्र मात्र अर्जातल्या कोणत्याच रकान्यात बसणार नाही.

खासगी रुग्णालयातील पगाराचे गणित वेगळे असते. तिथे अतिदक्षता विभाग, शस्त्रक्रियागृह, डायलिसिस, नवजात शिशू कक्ष अशा ठिकाणी स्वतंत्रपणे ड्यूटी सांभाळू शकणाऱ्या सिस्टरला जास्त पगार मिळतो, कारण ती सोडून गेली तर दुसरी लवकर सापडत नाही. रुग्णाला समजावून सांगण्याचे काम प्रत्येक सिस्टरने करायचेच असते, या समजुतीने त्याचे वेगळे पैसे कोणी देत नाही. म्हणून नुसते प्रमाणपत्र फाइलला लावून पगारवाढीचा अर्ज केलात, तर बहुधा निराशाच पदरी पडेल. इथपर्यंत तुमच्या मेट्रन मॅडमचे म्हणणे मला पटते.

परंतु त्यांच्या बोलण्यावरून हा विषयच निरुपयोगी आहे असा अर्थ तुम्ही काढणार असाल, तर तो मला मान्य नाही. रुग्णालयांच्या गुणवत्तेला मान्यता देणाऱ्या एनएबीएचच्या निकषांत रुग्णाचे हक्क आणि रुग्णाचे शिक्षण यांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. रुग्णाला व नातेवाइकांना औषधे, आहार आणि घरी घ्यायची काळजी त्यांना कळेल अशा भाषेत समजावली का, आणि तशी नोंद केली का, हे तपासणीच्या वेळी पाहिले जाते. ज्या रुग्णालयाकडे ही मान्यता आहे किंवा ज्याला ती मिळवायची आहे, त्याला हे काम नीट बसवून देणारी व्यक्ती लागते. मधुमेह, हृदयविकार, कर्करोग किंवा प्रसूती विभागात ‘पेशंट एज्युकेटर’ म्हणून नेमणूक होते ती अशाच व्यक्तीची. अशा जागा थोड्या असतात आणि पुष्कळदा त्यांची जाहिरातही निघत नाही. आतल्याच एखाद्या सिस्टरचे नाव पुढे येते.

ते नाव का पुढे येते, हे उदाहरणानेच सांगते. शिरोळकडचा एखादा ऊस उत्पादक मधुमेहासाठी दाखल होतो आणि इन्सुलिन सुरू करून त्याला घरी सोडायचे ठरते. डिस्चार्ज कार्डावर डोस लिहिलेला असतो, “गोड खाऊ नका” असे सांगितले जाते आणि कागदावर सही घेतली जाते. घरी गेल्यावर तो इन्सुलिनचे पेन फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवतो आणि तिथे गोठलेले इन्सुलिन निकामी होते. सुई रोज पोटावर एकाच जागी टोचल्याने तिथे गाठ धरते आणि औषध नीट शोषले जात नाही. साखर बंद झाली म्हणून चहात गूळ सुरू होतो, कारण आपल्या जिल्ह्यात गूळ हा औषधी समजला जातो. पण गुळातही बहुतांश साखरच असते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. गळीत हंगामात ट्रॅक्टर घेऊन कारखान्याच्या रांगेत रात्र काढायची असेल, तर संध्याकाळचे इन्सुलिन टोचून झालेले असते आणि जेवणाचा डबा मात्र घरीच राहिलेला असतो. मग पहाटे घाम फुटून, हातपाय थरथरून तो कॅज्युअल्टीत येतो आणि “इन्सुलिन बाधले” असे गावभर होते.

ज्या सिस्टरला हे काम येते ती आधी विचारते की, घरात सुई कोण टोचणार, फ्रिज आहे का, जेवणाची वेळ कोणाच्या हातात असते आणि शेतात चप्पल घालता का. न उघडलेले इन्सुलिन 2 ते 8 अंश तापमानात, पण बर्फाच्या कप्प्यापासून दूर ठेवायचे, वापरात असलेले पेन उन्हापासून जपून साधारण चार आठवड्यांत संपवायचे आणि इन्सुलिन घेतल्यावर जेवण टाळायचे नाही, हे ती सांगते. शेवटी “कळले का?” असे न विचारता ती रिकामे पेन रुग्णाच्या हातात देते आणि “आता तुम्ही मला करून दाखवा” म्हणते. तिच्या रुग्णांना त्याच कारणासाठी पुन्हा दाखल व्हायची वेळ कमी येते, हे डॉक्टरांच्या नजरेतून सुटत नाही. शरीर, मन, घर आणि धंदा यांचा एकत्र विचार करायचा, एवढेच समग्र परिचर्येचे मर्म आहे. अभ्यासक्रम हे शिकवत असेल तर तो करावा. ध्यानाच्या ध्वनिफिती ऐकवून आणि बहुपर्यायी प्रश्न सोडवून घेऊन प्रमाणपत्र देत असेल, तर ते 35,000 रुपये तुमच्या मुलांच्या शिक्षणाला ठेवा.

पैसे भरण्यापूर्वी संस्थेला लेखी विचारा की, या अभ्यासक्रमाला मान्यता कोणी दिली आहे, शिकवणाऱ्यांपैकी परिचारिका किती आहेत आणि प्रत्यक्ष रुग्णांबरोबरचे काम कोणाच्या देखरेखीखाली करावे लागेल. “आंतरराष्ट्रीय मान्यता” एवढेच उत्तर आले आणि मान्यता देणाऱ्या संस्थेचे नाव आले नाही, तर तिथेच थांबावे.

तुमच्या जागी मी असते, तर आधी नोंदणीवर चढणारे शिक्षण पाहिले असते. पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग दोन वर्षांचे आहे; त्यासाठी नोकरी सोडावी लागेल हे खरे, परंतु त्यानंतर पदोन्नतीची, अध्यापनाची आणि एम.एस्सी.ची वाट मोकळी होते. तेवढे शक्य नसेल, तर भारतीय परिचर्या परिषदेने मान्य केलेले एक वर्षाचे विशेष पदविका अभ्यासक्रम आहेत. त्यांत अतिदक्षता, नवजात शिशू, कर्करोग, मानसिक आरोग्य, वृद्धांची परिचर्या अशा शाखा असून, अतिरिक्त पात्रता म्हणून त्यांची राज्याच्या परिषदेकडे नोंद करता येते. आहार आणि आरोग्य शिक्षण याच विषयाची ओढ असेल, तर इग्नूची त्याच नावाची एक वर्षाची पदविका दूरशिक्षणाने, नोकरी सांभाळून करता येते. तिचे नाव जाहिरातीतल्या प्रमाणपत्राइतके झगझगीत नाही, पण मुलाखतीत ती कोणत्या विद्यापीठाची, हे समजावून सांगत बसावे लागत नाही.

प्रश्न : नोंदणीच्या नूतनीकरणासाठी लागणाऱ्या निरंतर शिक्षणाच्या तासांत असे ऑनलाइन प्रमाणपत्र धरले जाते का?
— एक परिचारिका, इचलकरंजी

उत्तर : महाराष्ट्र परिचर्या परिषदेने ज्या कार्यक्रमाला क्रेडिट तास मंजूर केले असतील, तोच धरला जातो. नूतनीकरण दर पाच वर्षांनी होते आणि बऱ्याच जणी शेवटच्या तीन महिन्यांत धावपळ करतात. तेव्हा कार्यक्रमपत्रिकेवर परिषदेच्या मान्यतेचा उल्लेख आणि मंजूर तास छापलेले आहेत की नाहीत, हे नाव नोंदवतानाच पाहावे. “सर्टिफिकेट मिळेल” आणि “क्रेडिट मिळेल” ही दोन वेगवेगळी आश्वासने आहेत.

प्रश्न : माझी मुलगी यंदा बी.एस्सी. नर्सिंग झाली. अमेरिकेत होलिस्टिक नर्सिंगला मोठी मागणी आहे, तेव्हा इथूनच तसे प्रमाणपत्र घेतले तर व्हिसा आणि नोकरी दोन्ही सोपे होईल, असे तिला एका एजंटाने सांगितले आहे. तोवर गावाजवळ एखादे काम मिळेल का?
— एक पालक, गडहिंग्लज

उत्तर : अमेरिकेत ही शाखा खरोखर आहे आणि चांगली रुजलेली आहे. तिथल्या होलिस्टिक परिचारिकांची संघटना 1981 मध्ये स्थापन झाली आणि 2006 मध्ये अमेरिकन नर्सेस असोसिएशनने या शाखेला स्वतंत्र विशेष शाखा म्हणून मान्यता दिली. परंतु तिथले प्रमाणन आधीच परवाना असलेल्या नोंदणीकृत परिचारिकेसाठी असते. ते परवान्याची जागा घेत नाही. मुलीला अमेरिकेत जायचे असेल, तर एनक्लेक्स-आरएन ही तिथली परवाना परीक्षा आणि इंग्रजीची तयारी यांना पर्याय नाही. आखाती देशांत जायचे झाल्यास त्या त्या देशाची परवाना परीक्षा आणि कागदपत्रांची मूळ संस्थेकडून होणारी पडताळणी लागते, आणि जर्मनीचा दरवाजा जर्मन भाषेच्या पातळीवरच उघडतो. यांपैकी कुठेही इथले होलिस्टिक प्रमाणपत्र मागितले जात नाही. एजंटाने नेमका कोणता अभ्यासक्रम सुचवला आणि त्यात त्याला काय मिळते, हेही एकदा शांतपणे विचारून पाहा.

गावाजवळच्या कामाचे म्हणाल, तर आयुष्मान भारत योजनेत 2018 पासून सुरू झालेली आरोग्यवर्धिनी केंद्रे, ज्यांना 2023 पासून आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, तिथले समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचे पद तुमच्या मुलीच्या शिक्षणाला साजेसे आहे. उच्च रक्तदाब व मधुमेहाची तपासणी, गरोदर मातांची देखभाल, वृद्धांची व मानसिक आजारांची प्राथमिक विचारपूस आणि योगासारखे उपक्रम हे सारे एकाच व्यक्तीच्या हाती असते. समग्र आरोग्य शिक्षण प्रत्यक्ष पदाला जोडलेले दिसते ते इथे. या पदासाठी सामुदायिक आरोग्याचा सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम असतो, आणि बी.एस्सी. नर्सिंगच्या नव्या अभ्यासक्रमात हा भाग आधीच समाविष्ट केलेला आहे. मुलगी कोणत्या अभ्यासक्रमाखाली उत्तीर्ण झाली, हे महाविद्यालयाकडून लेखी घ्यावे. पद कंत्राटी आहे, पात्रतेच्या अटी प्रत्येक जाहिरातीत काळजीपूर्वक वाचाव्या लागतात आणि आजरा-चंदगडच्या वाड्यावस्त्यांवर पावसाळ्यात फिरणे सोपे नाही. तरीही पहिल्या नोकरीत इतके स्वतंत्र काम दुसरीकडे क्वचितच मिळते.

प्रश्न : मी कागल पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या दवाखान्यात ब्रदर, म्हणजे परिचारक आहे. योगाचे आणि होलिस्टिक हेल्थचे प्रमाणपत्र घेऊन संध्याकाळी स्वतःचे वेलनेस सेंटर काढावे, असा विचार आहे. फलकावर ‘होलिस्टिक हीलर — शुगर, बीपी, वजन यांवर खात्रीशीर उपाय’ असे लिहिण्याचा सल्ला मित्राने दिला आहे. यात काही अडचण येईल का?
— एक ब्रदर, कागल

उत्तर : अडचण येईल, आणि ती फलकापासूनच सुरू होईल. औषधे व जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा 1954 चा कायदा ज्या आजारांवरील उपचारांच्या जाहिरातींना मनाई करतो, त्यांच्या यादीत मधुमेह, रक्तदाब आणि लठ्ठपणा हे तिन्ही आहेत. पहिल्या अपराधासाठीसुद्धा सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. शिवाय वैद्यकीय व्यावसायिक म्हणून नोंदणी नसताना निदान करणे आणि औषध सुचवणे किंवा बदलणे हे 1961 च्या महाराष्ट्र वैद्यकीय व्यवसायी अधिनियमाच्या कचाट्यात सापडते. परिचर्या परिषदेकडील तुमची नोंदणी यातून तुम्हाला वाचवणार नाही. उलट तीच धोक्यात येईल. “हीलर” हा शब्द मित्राला परत करा.

योगवर्ग घेण्यास मात्र हरकत नाही. आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाची योग प्रोटोकॉल इन्स्ट्रक्टर, योग वेलनेस इन्स्ट्रक्टर अशी चढत्या पायऱ्यांची परीक्षा असते. शिकवायचेच असेल, तर खासगी संस्थेच्या प्रमाणपत्रापेक्षा तिची तयारी करावी. वर्गात येणाऱ्याचा रक्तदाब मोजून नोंद ठेवणे, जास्त आढळल्यास डॉक्टरांकडे पाठवणे आणि चालू औषध स्वतःहून बंद करू नका असे बजावणे, हे परिचारकाच्या कक्षेत येते आणि लोकांना त्याची गरजही आहे.

तरी माझा सल्ला असा की, संध्याकाळच्या सेंटरआधी दिवसाच्या नोकरीकडे पाहा. 500 हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात वैद्यकीय व परिचर्या कर्मचाऱ्यांसह रुग्णवाहिका कक्ष (ॲम्ब्युलन्स रूम, म्हणजे प्राथमिक उपचारांची खोली) असला पाहिजे, हा दंडक 1948 च्या कारखाने कायद्याने घातला, आणि अशा कक्षातला ब्रदर बहुतेक ठिकाणी मलमपट्टी आणि रजिस्टर यांपलीकडे वापरला जात नाही. रात्रपाळीच्या कामगारांची झोप व जेवण, भट्टीजवळ काम करणाऱ्यांचे पाणी पिणे, कंबरदुखी, तंबाखू आणि पगाराच्या दिवशीची दारू यांवर पाळी बदलताना पंधरा मिनिटे बोलण्याची परवानगी व्यवस्थापनाकडे मागा. कोणत्या विभागात कोणत्या तक्रारी येतात, याची नोंद नावे न लिहिता दर महिन्याला काढा. सहा महिन्यांनी तक्रारी किंवा गैरहजेरी कमी झालेली आकड्यांत दाखवता आली, तर पगारवाढीची बोलणी करताना तुमच्या हातात प्रमाणपत्रापेक्षा वजनदार कागद असेल. आणि प्रमाणपत्राचे शुल्क कारखान्यानेच भरावे, हेही त्याच बैठकीत मागता येईल.