वाचक विचारतात : मालिका येणार, येणार म्हणताना

गाजलेल्या जुन्या अ‍ॅनिमेशनपटांवरून मालिका तयार करण्याच्या प्रथेविषयी मागील अंकात आम्ही चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर आलेली बहुतेक पत्रे मुलांची नव्हेत, आजी-आजोबांची आहेत, याचे आम्हांला आधी नवल वाटले आणि मग वाटेनासे झाले. कारण दुपारच्या वेळी नातवंडांच्या ‘कधी लागणार?’ या प्रश्नाला तोंड कोण देते, हे बडोद्यातल्या कोणत्याही मराठी घरात डोकावले तरी दिसते. त्यांतील चार पत्रांना येथे उत्तरे देत आहोत.

माझी नात चौथीत आहे. ‘द प्रिन्सेस अँड द फ्रॉग’ हा चित्रपट तिला इतका आवडतो की त्यातल्या टियानासारखे पातेले ढवळायचे म्हणून ती आमच्या वरणात डाव घालून उभी राहते. टियानाची मालिका येणार असे आम्ही कित्येक दिवस ऐकत आहोत. ती नेमकी कधी येईल? — एक आजी, दांडिया बाजार

आजी, ती मालिका येणार नाही. डिस्ने कंपनीने डिसेंबर २०२० मध्ये तिची घोषणा केली आणि मार्च २०२५ मध्ये ती रद्द झाल्याची बातमी आली. आपली नात ज्या मालिकेची वाट पाहत आहे तिची घोषणा झाली तेव्हा ती अंगणवाडीच्या वयाची असेल.

घोषणेच्या त्याच दिवशी डिस्नेच्याच ‘मोआना’ या चित्रपटावरच्या मालिकेचेही नाव घेतले गेले होते. तिचे पुढे वेगळेच झाले. मालिका म्हणून जे काम चालले होते त्याचा आता चित्रपट होणार, असे फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीने सांगितले आणि २७ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘मोआना २’ अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत लागलासुद्धा. म्हणजे एकाच दिवशी सांगितलेल्या दोन मालिकांपैकी एकही मालिका म्हणून पडद्यावर आली नाही. यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. या घोषणा ज्या कार्यक्रमात झाल्या तो कंपनीच्या गुंतवणूकदारांसाठी होता. पुढली काही वर्षे पुरेल इतका माल आमच्या कोठारात आहे, हे भागधारकांना पटवून देणे हा त्याचा हेतू होता. ते ऐकून मुले वाट पाहू लागली, हा मुलांचा भाबडेपणा म्हणावा लागेल आणि थोडासा आपलाही.

आपल्या भाषेत सांगायचे तर अशी घोषणा म्हणजे नुसते स्थळ सांगून येणे होय. पत्रिका जुळली, बैठक झाली, तरी मांडव पडल्याशिवाय आपण कोणाला अक्षत देत नाही. ज्या दिवशी झलक दाखवून तिच्याखाली पक्की तारीख छापतात, त्या दिवसापर्यंत घरातील मुलांना काही सांगू नये, असा आमचा अनुभवाचा सल्ला आहे.

हळहळ मात्र आम्हांलाही वाटली, आणि ती उगाच नाही. २००९ च्या या चित्रपटातली टियाना न्यू ऑर्लीन्स शहरात राबून स्वतःचे उपाहारगृह काढू पाहते आणि शेवटी ते काढतेच. मालिकेला याहून सोयीची जागा कोणती असणार? दार उघडे आहे, रोज नवे गिऱ्हाईक येते आणि त्याच्याबरोबर रोज नवी भानगड आत येते. चित्रपट जिथे थांबला तिथेच मालिकेची चूल पेटली असती. नातीला खरे काय ते सांगावे. वरणातला डाव तेवढा काढून घेऊ नये.

‘अलादीन’ हा १९९२ चा चित्रपट आणि नंतर दूरदर्शनवर लागलेली त्याची मालिका, दोन्ही माझ्या मुलांनी पाहिली. मालिकेतली चित्रे मला तेव्हाही कमी प्रतीची वाटत. आता नातवाबरोबर पुन्हा पाहताना तर कित्येकदा केवळ ओठ हलतात आणि बाकीचे अंग जागच्या जागी राहते असे दिसते. नव्या मालिकाही अशाच निघणार असतील तर वाट तरी का पाहावी? ही प्रेक्षकांची फसवणूक नव्हे काय? — निवृत्त अभियंता, मांजलपूर

आपण अभियंते आहात, तेव्हा हिशेबच मांडू. चित्रपटात दर सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे फिल्मवरच्या एकेक चौकटी, डोळ्यांसमोरून जातात. हाताने काढलेल्या अ‍ॅनिमेशनमध्ये एक चित्र सहसा दोन फ्रेम दाखवतात, म्हणजे एका पात्राची सेकंदाला १२ चित्रे लागतात. ‘द जंगल बुक’ हा १९६७ चा चित्रपट ७८ मिनिटांचा आहे; त्याच्या १,१२,३२० फ्रेम होतात. याच चित्रपटातली काही पात्रे घेऊन १९९० मध्ये ‘टेलस्पिन’ ही मालिका सुरू झाली, तिचे ६५ भाग झाले. एक भाग सुमारे २२ मिनिटांचा धरला तर एकूण १,४३० मिनिटे होतात, म्हणजे वीस लाखांहून अधिक फ्रेम. चित्रपटाच्या अठरापट काम, आणि तेही वर्षभराच्या आत प्रेक्षकांपुढे यायचे. ६५ हा आकडा तरी कुठून आला? सोमवार ते शुक्रवार रोज एक भाग दाखवला तर तेरा आठवडे, म्हणजे बरोबर एक तिमाही भरते; तेवढे भाग तयार असले की अमेरिकेतल्या स्थानिक वाहिन्यांना ते घाऊक विकता येत. त्यामुळे चित्र किती बारकाईने काढायचे हे ठरण्यापूर्वी दुकानात माल किती लागणार हे ठरलेले असे.

मग हात कुठे आखडता घ्यायचा, हाच प्रश्न उरतो. अंग स्थिर ठेवून ओठ हलवायचे, चालण्याची एकच आठ-बारा चित्रांची फेरी पुन्हापुन्हा वापरायची, पात्रांमागचे बाजाराचे रंगवलेले तेच पडदे दहा भागांत फिरवायचे. हे पाहून आपणांस फसवणूक वाटणे साहजिक आहे. आम्हांला ती फसवणूक वाटत नाही. लग्नाच्या पंगतीतला जिलबीचा घाणा आणि रोजची पोळी-भाजी यांना एका तराजूत घालता येत नाही. पोळी रोज लागते, ती मऊ आहे की नाही एवढेच पाहायचे. मालिकेपुरती ती पोळी म्हणजे तिचे लेखन.

‘अलादीन’च्या मालिकेत चित्रांपेक्षा मोठी उणीव आवाजाची होती. चित्रपटातला दिव्यातला जिनी रॉबिन विल्यम्स यांच्या आवाजावर उभा होता, आणि मालिकेत तो आवाज नव्हता. तेथे डॅन कॅस्टेलनेटा यांनी जिनी बोलका केला. आपल्याकडे ती मालिका हिंदीत ऐकली गेल्यामुळे हा फरक कोणाला खुपला नाही. तरीही त्या मालिकेचे ८६ भाग झाले, ते केवळ नावाच्या पुण्याईवर झाले नसते. राजकन्या मिळाल्यावर चोराचे पुढे काय होते, हा चित्रपटाने सोडलेला प्रश्न मालिकेने उचलला. अग्रबाह नगरीचा अलादीन राजवाड्यात जाऊन आळसावला नाही, नव्या नव्या दुष्टांच्या मागे धावत राहिला.

‘टेलस्पिन’ने तर याहून धाडस केले. जंगल टाकले, मोगलीलाही टाकले. बालू अस्वलाला मालवाहू विमानाचा वैमानिक केले, शेरखानला सूट चढवून बडा उद्योगपती केले आणि लुई वानराला बेटावरच्या क्लबाचा मालक केले. ज्याने मूळ चित्रपट जिवापाड जपला त्याला हे ऐकून संताप यावा. पण बालू आळशी, उधळ्या आणि मनाने मोठा होता, तो विमानातही तसाच राहिला. स्वभाव सांभाळला आणि धंदा बदलला, हे त्या मालिकेचे मर्म. ‘टँगल्ड’ या २०१० च्या संगणकीय चित्रपटाची मालिका २०१७ मध्ये आली, तेव्हा कर्त्यांनी चित्रपटाच्या घडीव त्रिमितीची नक्कल केलीच नाही. चित्रपटाची लांब केसांची नायिका रापुन्झेल मनोऱ्याच्या भिंती रंगवते त्या चित्रांची आठवण व्हावी अशी सपाट, रंगीत शैली त्यांनी घेतली. चित्रपटाच्या शेवटी कापले गेलेले केस मात्र त्यांना पुन्हा वाढवावे लागले. सोनेरी केसांशिवाय रापुन्झेल विकली जात नाही, असे कोणाच्या तरी ध्यानात आले असावे.

तेव्हा नव्या मालिकेची झलक पाहाल तेव्हा चित्रांची चकाकी चित्रपटाशी ताडून पाहू नका. कोणत्या पात्राला काय काम दिले आहे, ते पाहा. दुय्यम पात्राला काही उद्योग दिला असेल तर आशा धरावी. चित्रपटातलाच प्रसंग थोडा ताणून पुन्हा वाढला असेल, तर नातवाला घेऊन कमाटी बागेत जावे हे उत्तम.

आमच्या लहानपणी रविवारी दूरदर्शनवर मोगली लागत असे. ती मालिका ‘द जंगल बुक’ या १९६७ च्या चित्रपटावरूनच केली होती ना? माझ्या भावाशी पैज लागली आहे. — कारेलीबाग

पैज आपण हरलात. ती जपानी मालिका होती. निप्पॉन अ‍ॅनिमेशन या संस्थेने १९८९ मध्ये सुरू केलेली, ५२ भागांची. तिचा आधार इंग्रज लेखक किपलिंग यांचे मूळ पुस्तक होते, डिस्नेचा चित्रपट नव्हे. म्हणूनच चित्रपटातला गाणी म्हणणारा लुई वानर तिच्यात कुठे सापडत नाही, कारण तो पुस्तकातही नाही. चित्रपटकर्त्यांनीच त्याला जन्माला घातले. १९९३ मध्ये दूरदर्शनवर ती हिंदीत आली तेव्हा शीर्षकगीत गुलजार यांनी लिहिले, चाल विशाल भारद्वाज यांनी दिली आणि शेरखानला नाना पाटेकर यांचा आवाज मिळाला. त्या चड्डीतल्या फुलाचे गाणे आपल्या भावालाही पाठ असेल. पैजेचे पैसे देताना दोघांनी मिळून म्हणावे. एका चांगल्या मालिकेला मूळ चित्रपटाची गरज नसते आणि उसन्या भाषेतही ती घरची होऊन बसते, हे आम्ही त्या रविवारांमुळे मानतो.

आवडत्या चित्रपटावर मालिका येईपर्यंत थांबणार नाही, मीच बनवतो, असे माझा अकरा वर्षांचा मुलगा म्हणतो. मोबाइल देत नाही म्हणून तो रुसला आहे. एवढ्या लहान वयात हा नाद लावावा का, आणि लावायचा तर सुरुवात कशी करावी? — एक आई, सुभानपुरा

मोबाइल द्यावा, पण हातात नव्हे. पुस्तकांच्या दोन थप्प्यांमध्ये अडकवून, कॅमेऱ्याचे तोंड खाली करून. बडोद्याच्या मुलाने हा नाद करावा याला मोठा आधार आहे. दादासाहेब फाळके १८९० मध्ये येथील कलाभवनात शिकायला आले होते. चित्रकलेबरोबर छायाचित्रणाचा नादही त्यांना येथे जडला. पुढे १९१२ मध्ये त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि दिवसागणिक थोडे थोडे चित्रण करत बी रुजून वेल होईपर्यंतची ‘अंकुराची वाढ’ तयार केली. ती पाहूनच त्यांना पहिल्या चित्रपटासाठी भांडवल मिळाले. १९१५ मध्ये त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केली, तिच्यात काडेपेटीतल्या काड्याच हलत्या-डुलत्या होत्या. पंचतारांकित स्टुडिओ लागत नाही, काडेपेटी लागते.

हा खेळ आम्ही भाच्याबरोबर करून पाहिला आहे. काळ्या पाटीवर काड्यांचा एक माणूस मांडला. सेकंदाला १२ या हिशेबाने दहा सेकंदांसाठी १२० छायाचित्रे लागणार होती. प्रत्येक छायाचित्रानंतर काडी गव्हाच्या दाण्याएवढी सरकवायची. जास्त सरकली तर माणूस चालत नाही, उडी मारतो. चाळिसाव्या छायाचित्राशी कोणीतरी उकडते म्हणून पंखा लावला आणि माणसाचे डोके कपाटाखाली गेले. पुन्हा पहिल्यापासून सुरू केले. दुसऱ्या खेपेला डोके शाबूत राहिले, पण सावल्या सरकल्या, कारण दुपार कलली होती आणि उजेड खिडकीचा होता. तिसऱ्या खेपेला खिडकीचा पडदा ओढला आणि टेबलावरचा दिवा लावला, तेव्हा कुठे तो गृहस्थ पाटीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत चालत गेला. दहा सेकंदांच्या त्या फेरीला आमचे सहा तास गेले होते, आणि भाच्याने ती सलग एकवीस वेळा पाहिली.

मुलाने आधी आवडत्या चित्रपटातले पात्र घेऊ नये. त्याचे रूप तंतोतंत जमत नाही आणि मग मन मोडते. काडी, बटण, शेवेचा तुकडा, काहीही चालेल. ते पात्र चालू लागले की त्याला एखादे काम द्यावे, म्हणजे दुसरा भाग करावासा वाटतो. संस्थेत शिकायची वेळ पुढे येईलच; अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत अ‍ॅनिमेशन शिकवतात आणि ती गाडीने दोन-अडीच तासांवर आहे. तूर्त रविवारी सकाळी काड्या मांडा, पाटीच्या कडा चिकटपट्टीने टेबलाला चिकटवा आणि पंख्याच्या बटणावर ‘हात लावू नये’ अशी चिठ्ठी लावा.