त्या बोटाचं काय?

प्रश्न : आईला स्मृतिभ्रंश होऊन चार वर्षं झाली. मी ५३ वर्षांची, एकटी. नोकरी सोडून तिच्याजवळ राहते. ती रात्री चार-चारदा उठते. मला कधी बहीण समजते, कधी चोर. परवा मी तिच्यावर ओरडले आणि मग रात्रभर रडले. भाऊ रविवारी येतो, ‘धीर धर’ म्हणतो आणि जातो. एकदा म्हणाला होता, चार दिवस मी राहतो. पण आईला त्याची सवय नाही. माझा संताप कसा आवरू? (अक्षराबद्दल माफ करा. दोन महिन्यांपूर्वी सुरीने बोट कापलं, ते अजून भरलेलं नाही.)
– एक थकलेली मुलगी

उत्तर : ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या कंसापाशी अडकले. दोन महिने? सुरीने कापलेलं बोट दोन महिने भरत नाही, आणि तुम्ही माझ्याकडे अक्षराची माफी मागता?

१९९५ साली अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात जॅनिस किकोल्ट-ग्लेसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १३ बायकांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची बारीक जखम केली. अर्थात त्यांच्या संमतीने. या तेराही जणी घरातल्या स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला सांभाळणाऱ्या. तशीच जखम आणखी १३ जणींना केली. वय तेच, घरची मिळकत तेवढीच, फक्त डोक्यावर हे ओझं नाही. मग फोटो काढत वाट पाहिली. मोकळ्या बायकांची जखम सरासरी ३९ दिवसांत भरली. सांभाळणाऱ्यांची जवळपास ४९. तेरा म्हणजे फार नव्हेत, कबूल. पण तीन वर्षांनी त्याच विद्यापीठात दंतवैद्यकाच्या ११ विद्यार्थ्यांच्या तोंडातल्या टाळूवर अशीच जखम केली, एकदा सुट्टीत आणि एकदा परीक्षेला तीन दिवस असताना. परीक्षेच्या वेळची भरायला सरासरी ४० टक्के जास्त दिवस लागले, आणि अकरांतला एकही त्यातून सुटला नाही. ती तर तरणीताठी पोरं!

होतं असं, की जखम झाली की शरीर तिथे पेशींना हाका मारणारी रसायनं सोडतं. ताण सरतच नाही तेव्हा कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, चढतं आणि या हाका क्षीण होतात. डागडुजी करणारे वेळेवर पोचतच नाहीत.

पण म्हणून ‘ताणामुळे असेल’ म्हणून आता गप्प बसू नका. त्या ओझ्याखालच्या बायकांच्या जखमाही सरासरी सात आठवड्यांत भरल्या. तुमची त्याहून मागे आहे. आत जंतुसंसर्ग असेल. रक्तात साखर वाढली असेल, तिनेही जखमा रेंगाळतात. स्वतःची साखर शेवटची कधी तपासलीत, आठवतं? आईच्या तपासण्यांच्या तारखा मात्र पाठ असतील.

संतापाचं विचारलंत. चार वर्षं धड न झोपलेल्या बाईला राग गिळायच्या युक्त्या शिकवायच्या, तर मलाच लाज वाटेल. ते पुढे कधीतरी.

भावाची बाजू मी घेत नाही. रविवारच्या त्या ‘धीर धर’ची किंमत मला कळते. पण त्याने चार दिवस देऊ केले तेव्हा ‘आईला सवय नाही’ असं कोण म्हणालं? आई तसं म्हणाली नाही. तुम्ही म्हणालात, आणि तो सुटला. सवय कशी लागणार, तुम्ही दारातून हलतच नाही तर? आई गोंधळेल, रडेल, त्याला चोर म्हणेल. म्हणू दे. चार वर्षं तुम्ही चोर झालात, आता त्याची पाळी.

तेव्हा एकच करायचं. याच आठवड्यातला कामाचा एक दिवस ठरवा आणि भावाला कळवा. विचारू नका, कळवा. तो घरी, तुम्ही डॉक्टरांकडे. समोर बसल्यावर ‘विशेष काही नाही, जरा कापलंय’ हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. तुम्ही तेच म्हणणार, मला ठाऊक आहे. कापल्याची तारीख सांगा, साखर तपासा म्हणा, रात्री किती वेळा उठावं लागतं ते सांगा आणि परवाचं रडणंही सांगा. आणि आईची फाईल घरीच ठेवा.