रास्पबेरी पाय पिक्चर मध्येच का अडकवतो?

प्रश्न : रास्पबेरी पाय ४ या छोट्या कॉम्प्युटर बोर्डावर लिब्रेइलेक (पिक्चर दाखवणाऱ्या ‘कोडी’ सॉफ्टवेअरची सिस्टम) टाकून तो हॉलमधल्या टीव्हीला जोडलाय. पिक्चर अडकतो, कोपऱ्यात पिवळ्या विजेचं चिन्ह दिसतं, हार्ड डिस्क टकटक करून गायब होते. चार्जर मोबाइलचा आहे. पावसाळ्यात लाइट सारखी जाते, त्यासाठी काय करावं? टीव्हीच्या रिमोटवर हे चालेल का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आधी चार्जर बदला, बाकीचं नंतर. पिवळ्या विजेचं चिन्ह म्हणजे बोर्डाला मिळणारा व्होल्टेज सुमारे ४.६३ व्होल्टच्या खाली घसरतोय. मोबाइलच्या चार्जरवर ३ अँपिअर छापलेलं असलं तरी लोड आला की त्याचा व्होल्टेज पडतो, आणि केबल लांब नि बारीक असेल तर आणखी पडतो. ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा, केबल कायम जोडलेली असलेला अडॅप्टर घ्या.

तरीही डिस्क टकटक करत राहिली तर तिला वेगळी वीज द्यावी लागेल. चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअरच देतात, आणि डिस्क फिरायला लागतानाच जवळपास १ अँपिअर ओढते. स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब (जादा पोर्टांची डबी) बोर्ड आणि डिस्कच्या मध्ये लावा. त्यानंतरही टकटक थांबली नाही तर डिस्कच खराब होत आलीय. आतलं सगळं लगेच दुसरीकडे उतरवून घ्या.

विजेचं चिन्ह दिसेनासं झालं, पण पिक्चर तासाभराने अडकतोच, तर उष्णता तपासा. कोडीच्या ‘सिस्टम इन्फो’त तापमान दिसतं, ८० अंशांवर प्रोसेसर आपला वेग कमी करतो. बंद शोकेसमधून बोर्ड बाहेर काढा, प्रोसेसरवर हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) बसवा. सुरुवातीपासूनच अडकत असेल तर फाइलचा प्रकार बघा. एचईव्हीसी, व्हीपी९, एव्ही१ हे व्हिडिओ साठवायचे प्रकार आहेत. ४के एचईव्हीसी हा बोर्ड आरामात चालवतो. व्हीपी९ आणि एव्ही१ उलगडायला त्यात वेगळं हार्डवेअर नाही, त्यामुळे ४केमध्ये त्या फाइल अडकणारच.

लाइट जाताना बोर्डाच्या मेमरी कार्डावर लिहिणं चालू असेल तर कार्ड बिघडतं. लिब्रेइलेकच्या सेटिंगमधून बॅकअप काढा आणि ती फाइल पेनड्राइव्हवर ठेवा. राउटरच्या छोट्या यूपीएसवर रास्पबेरी पाय चालतो, पण ५ व्होल्टचं आउटपुट ३ अँपिअरचं असेल तरच. १२ व्होल्टची पिन चुकूनही जोडू नका, बोर्ड जळेल.

रिमोट चालतो. एचडीएमआय केबल पॉवरच्या पोर्टालगतच्या सॉकेटात घाला आणि टीव्हीत सीईसी (एचडीएमआय केबलमधूनच रिमोटचे आदेश पोचवणारी सोय) चालू करा. सॅमसंगमध्ये ते ‘एनीनेट प्लस’, एलजीमध्ये ‘सिम्पलिंक’, सोनीमध्ये ‘ब्राव्हिया सिंक’ या नावाने सापडेल.