वाचकांचे प्रश्न : अ‍ॅम्बॅसिडरचा पायलट बुश

प्रश्न : वडिलांची मार्क टू अ‍ॅम्बॅसिडर पावसाळाभर शेडमध्ये उभी होती. आता क्लच पूर्ण दाबला तरी पहिला गिअर खर्रकन पडतो, रिव्हर्स तर घेतच नाही. मेस्त्रींनी गिअरबॉक्स उतरवलाय, म्हणतात पायलट बुश गेला. नवीन आणलाय, पण ते म्हणतात ग्रीस लावून ठोकूया, नाहीतर लेथवर गनमेटलचा करून घेऊ. काय करू?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : ग्रीस नको आणि गनमेटलही नको, मेस्त्रींना प्लीज थांबवा. हा बुश म्हणजे छोटी पोकळ नळी, ती क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य दांड्याच्या) टोकात बसते आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचं नाक त्यात फिरतं, म्हणजे बुशच्या आत वेगळं फिरतं ते फक्त क्लच दाबल्यावर, एरवी दोन्ही एकत्रच फिरतात. तिथे बाहेरून ऑइल पोचायची काही सोयच नाही, म्हणून बुश दाबलेल्या ब्राँझ पावडरचा असतो, त्याच्या बारीक भोकांत ऑइल मुरलेलं असतं आणि तेच त्याला पुरतं. ग्रीसने ती भोकं बुजतात, आणि भरीव गनमेटलमध्ये (ओतीव ब्राँझमध्ये) ती नसतातच. नवीन बुश रात्रभर इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा.

जुना काढायला भोकात पोदेराचा (पाववाल्याचा) पाव ओला करून गच्च भरा, शाफ्टच्या नाकाएवढा रॉड घालून हातोडी मारा, पाव मागून दाब देतो आणि बुश सरकत बाहेर येतो. भोक नीट पुसून घ्या, पाणी राहू देऊ नका.

नवीन ठोकताना थेट हातोडी नको, खांदा असलेला ड्रिफ्ट (ठोकायचा दांडा) घ्या आणि सरळ बसवा. बसल्यावर आतलं भोक थोडं आवळतं, त्यामुळे गिअरबॉक्स चढवायच्या आधी शाफ्टचं नाक घालून बघाच. घट्ट वाटलं तर एमरी पेपर मुळीच नको, त्याची कच बुशमध्ये रुतते आणि शाफ्ट खाते. धारदार रीमर (भोक किंचित मोठं करायचं हत्यार) असलेल्या लेथवाल्याला दाखवा, बोथट हत्याराने ऑइलची बारीक भोकं लिंपली जातात.

आणि हो, फ्लायव्हीलवर (क्रँकच्या टोकाच्या जड चाकावर) गंज आहे का बघा. आपल्याकडच्या दमट हवेत उभ्या गाडीची क्लच प्लेट तिथे चिकटते आणि गिअरचा त्रास अगदी असाच होतो, मग बुश बदलून काही फरक पडत नाही. गंज असेल तर आत्ताच घासून साफ करा. प्लेट सेंटरला घेण्यासाठी गिअरबॉक्सचा एखादा जुना शाफ्ट वापरा आणि गिअरबॉक्स चढवताना त्याचं वजन प्लेटवर लटकू देऊ नका, मधला हब वाकला की क्लच परत सुटणार नाही.