चौथी पावडर घेण्याआधी रायफलचा थ्रोट मोजा

तुमची पोस्ट दोनदा वाचली, कारण पहिल्या वेळी वाटलं माझीच जुनी पोस्ट कोणीतरी वर काढली आहे. रायफल .३०-०६, काडतुसं घरी स्वतः भरता (यालाच हँडलोड म्हणतात). शिशाच्या गाभ्याची १६५ ग्रेन (गोळी आणि पावडर तोलायचं एकक) गोळी सोडून त्याच वजनाच्या अख्ख्या तांब्याच्या गोळीवर आलात. मॅन्युअलमधला कमाल चार्ज (काडतुसातलं पावडरचं वजन) अजून बराच लांब असताना बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) जड उठायला लागला, प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी) सपाट झाले, ग्रुपही, म्हणजे निशाण्यावरचा छिद्रांचा घोळका, पसरला. तीन पावडरी बदलून झाल्या आणि आता विचारताय, चौथी कोणती घेऊ.

कुठलीही घेऊ नका. तीन वेगवेगळ्या पावडरी एकच तक्रार करत असतील तर दोष पावडरीत नाही. आधी थ्रोट मोजा, म्हणजे काडतूस बसतं त्या चेंबरच्या पुढचा, रायफलिंग सुरू होण्याआधीचा नळीचा मोकळा भाग.

आधी नेहमीचं सांगून टाकतो. मी बंदूक कारागीर नाही. इथे चार्जचा आकडा देणार नाही, कोणी दिला तर घेऊ नका. आकडा पावडर किंवा गोळी बनवणाऱ्याच्या चालू मॅन्युअलमधून, तोही सुरुवातीच्या चार्जपासून. तुमच्याकडचा कायदा आणि परवाना तुमचा तुम्ही बघा. केस (काडतुसाचं पितळी कवच) साफ करणं, रीसायझिंग (झाडलेली केस परत मापात आणणं), प्रायमर बसवणं हे तुम्हाला येतं असं धरून चालतो.

तांब्याची घनता ८.९६, शिशाची ११.३४. म्हणजे वजन तेच ठेवलं तर तांब्याची गोळी लांब होणार. ती जास्तीची लांबी कुठेतरी जायला हवी: एक तर केसच्या आत घुसते आणि पावडरची जागा खाते, नाहीतर पुढे सरकून रायफलिंगच्या लँड्सजवळ, म्हणजे नळीच्या आतल्या पिळदार उंचवट्यांजवळ, जाते. त्यात तांबं कडक, रायफलिंगमध्ये कोरलं जायला शिशाच्या गोळीपेक्षा जास्त जोर मागतं. म्हणून तर त्या गोळ्यांच्या अंगावर खाचा असतात. तेव्हा शिशाच्या गोळीचा डेटा वजन सारखं आहे म्हणून तांब्याच्या गोळीला लावायचा नाही. हे तुम्ही केलं असेल असं म्हणत नाही, पण पोस्टमध्ये मॅन्युअल कुठल्या गोळीचं ते लिहिलेलं नाही, म्हणून बोललो.

आता माझं रडगाणं. माझ्याही रायफलमध्ये पुस्तकातल्या लांबीवर बसवलेली तांब्याची गोळी चेंबरमध्ये जाताना शेवटी जराशी अडायची. बोल्ट बंद व्हायचा, पण हाताला कळायचं. गोळी बाहेर काढली की तिच्या खांद्यावर चार बारीक चौकोनी ओरखडे, समान अंतरावर. काळ्या मार्करने गोळी रंगवून पुन्हा आत घातली तर नेमके त्याच चार जागी शाई खरवडलेली. लँड्सचे ठसे, दुसरं काय. गोळी लँड्सवर दाबून बसली की तिला पळायला मोकळी जागा राहत नाही, मागे जागा वाढायच्या आतच दाब चढतो, आणि शिखर एरवीपेक्षा बरंच वर जातं.

फोटो आणि मापं लावून मी रायफल कंपनीच्या सेवा विभागाकडे पाठवली. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. रायफल परत आली ती एका ओळीच्या चिठ्ठीसह: हेडस्पेस मर्यादेत आहे, कारखान्याचीच काडतुसं वापरावीत. पुन्हा पाठवली, पुन्हा तीच चिठ्ठी, फक्त तारीख वेगळी. फोनवर जे गृहस्थ होते त्यांना हँडलोड हा शब्द ऐकू आला की पुढचं काही ऐकू यायचं नाही. बाहेरचं माप आम्ही धरत नाही, म्हणाले. मग तुमचं माप द्या म्हटलं, तर ते देण्याची पद्धत नाही.

राग याचा येतो की चिठ्ठी खोटी नव्हती. हेडस्पेस गेज बोल्टच्या तोंडापासून केसच्या खांद्यापर्यंतच बोलतो. खांद्याच्या पुढे मान, मानेपुढे थ्रोट, तिथे त्या गेजचा संबंधच नाही. मी विचारलं एक, त्यांनी तपासलं दुसरं आणि वर शिक्का मारला. कारखान्याची काडतुसं घालून झाडून पाहिलं म्हणे, सगळं सुरळीत. असणारच, त्यांच्या गोळ्या आखूड आणि मागे बसवलेल्या. या भानगडीत शिकारीचा हंगाम गेला, पाठवणीचा खर्च गेला, आणि मधल्या काळात "पावडर बदलून बघा" या सल्ल्यापायी कपाटात अर्धवट डबे साचले.

सुटका केली एका म्हाताऱ्या कारागिराने. त्याने वाद घातला नाही. नळीत पुढे कापडाचा बोळा बसवला, चेंबर पुसून घेतलं आणि सेरोसेफ वितळवून ओतलं. हा मिश्रधातू पाण्याच्या उकळबिंदूच्या आतच वितळतो, गार होताना आधी किंचित आकसतो, म्हणून साच्यातून सुटतो, आणि साधारण तासाभराने पुन्हा फुगून चेंबरच्या मापाला येतो. मग त्याने मायक्रोमीटर लावला. थ्रोट आखूड निघाला, मुकाट्याने. मग थ्रोटिंग रीमर हाताने फिरवून तो पुढे नेला. वॉरंटी गेली, जाऊ दे. जी पावडर "या रायफलला मानवत नाही" म्हणून मी बाजूला टाकली होती, तीच पुढे मानवली.

तुमचंही हेच असेल असं ठामपणे म्हणत नाही. पण मोजायला पैसे लागत नाहीत. झाडलेली एक केस घ्या, पावडर नाही, प्रायमर नाही, रिकामी. मानेला बारीक उभी चीर द्या, तीच गोळी मुद्दाम लांब बसवा आणि बोल्ट हलकेच बंद करा. फायरिंग पिन काढता आली तर हाताला जास्त स्पष्ट कळतं. लँड्स गोळीला मागे ढकलतात, केस बाहेर आली की ती लांबी तुमच्या रायफलची. माप टोकावर घेऊ नका, टोकं एका डब्यातही सारखी नसतात. कंपॅरेटर (कॅलिपरला लावायचं जोडसाधन) लावून गोळीच्या फुगीर खांद्यावर घ्या. काही वेळा घ्या, एकदा घेतलेलं माप खोटं बोलतं. .३०-०६ ची काडतुसाची कमाल लांबी ३.३४० इंच छापलेली असते, ती मॅगझिन आणि सगळ्यांच्या सोयीची, तुमच्या थ्रोटची नव्हे. तांब्याच्या बहुतेक गोळ्यांना लँड्सपासून चांगलं अंतर आवडतं, ५० हजारांश इंच ही सुरुवात वाईट नाही. मात्र गोळी मागे ढकलली की केसमधली जागा कमी होते. तेव्हा चार्ज पुन्हा खालून सुरू करायचा, होता तिथून नाही.

त्याच बैठकीत केसची लांबीही बघा. कमाल २.४९४ इंच, कापून २.४८४. लांब झालेल्या केसचं तोंड चेंबरच्या टोकाला चिमटतं, गोळी सोडायला तयार होत नाही, आणि लक्षणं हुबेहूब तुमच्यासारखी. केसची कंपनी बदलली असेल तर तेही लिहा. जाड भिंतीच्या केसमध्ये, विशेषतः लष्करी, आत जागा कमी असते. झाडलेली केस रिकामी तोला, मग पाण्याने काठोकाठ भरून तोला, फरक कळतो.

प्रायमर सपाट दिसतो का यावर भिस्त ठेवणारे खूप आहेत, मला ते पटत नाही. .३०-०६ चा कमाल दाब सामीने (काडतुसांची मापं ठरवणारी अमेरिकी उत्पादकांची संस्था) ६०,००० पीएसआय ठरवला आहे, .२७० विंचेस्टरचा ६५,०००. दोन्हींच्या केसचं बूड तेच, प्रायमर तेच. .२७० वाले त्या दाबावर वर्षानुवर्षं शिकार करतात आणि बोल्ट अलगद उठतो. मग .३०-०६ मध्ये बोल्ट अडतोय, केसच्या बुडावर इजेक्टरचा (केस बाहेर फेकणाऱ्या खिट्टीचा) चकचकीत ठसा उठतोय, म्हणजे तुम्ही कुठे पोचला असाल याचा अंदाज करा. ही लक्षणं उशिरा येतात. दिसली की थांबायचं, पण दिसली नाहीत म्हणून पुढे जायचं नाही.

त्यापेक्षा क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजणारं यंत्र, काय सांगतं ते ऐका. मॅन्युअलमध्ये वेग कुठल्या लांबीच्या नळीतून मोजला ते छापलेलं असतं, बहुधा २४ इंच. तुमची २२ इंची असेल तर इंचामागे २० ते ३० फूट प्रति सेकंद वजा करा. मॅन्युअलचा कमाल वेग तुम्हाला त्याच्या कमाल चार्जआधीच मिळाला, तर दाबही आधीच झालाय. फुकटात वेग कुठलीच रायफल देत नाही. तुमच्या पोस्टमध्ये वेग लिहिलेलाच नाही, आणि मला सगळ्यात आधी तोच हवा होता.

पावडरीबद्दल विचारलंत म्हणून तेही सांगतो, पण मापं झाल्यावर. या काडतुसात या वजनाला ४३५० च्या जातीची मध्यम-मंद पावडर वापरतात, आणि मला तीच योग्य वाटते: केस जवळजवळ भरते, चुकून दुप्पट चार्ज पडला तर सांडून दिसतो. डब्यावरचं नाव मात्र अक्षरासकट वाचा. हॉजडनची एच ४८३१ आणि आयएमआर ४८३१ या दोन वेगळ्या पावडरी आहेत, आयएमआरची जास्त वेगाने जळते. दोन कंपन्यांच्या सात नंबरच्या चपला पायात घालून बघा म्हणजे कळेल आकड्यावर किती विसंबायचं. ४३५० चंही तसंच. कडक उन्हात चार्ज ठरवून कडाक्याच्या थंडीत शिकार करणार असाल तर तापमानाने कमी हलणारी पावडर घ्या, आणि उलट बाजूलाही विचार करा: थंडीत कमालीवर ठरवलेला चार्ज उन्हात कमालीच्या पुढे जातो. पावडर छापलेल्या किमान चार्जच्या खालीही नेऊ नका, मंद पावडर तर नाहीच.

तीन-तीन गोळ्या झाडून "नोड (ग्रुप आवळणारा चार्ज) सापडला" म्हणणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे. तीन गोळ्यांचा ग्रुप पुन्हा झाडा, दुसराच निघतो. पायऱ्या चढताना अर्ध्या ग्रेनने चढा, एकेक गोळी झाडा, दाब आणि वेग बघा, त्यातून अचूकता शोधू नका. वर कुठे थांबायचं ते ठरलं की एक पायरी खाली या आणि तिथे दहा गोळ्यांचा ग्रुप, नळी गार होऊ देत. त्यानंतर सीटिंग डेप्थ, म्हणजे गोळी केसमध्ये किती खोल बसवायची ते. एका वेळी एकच गोष्ट बदला. शेवटचे ४० फूट वेगासाठी जीव टाकू नका, हरणाला ते कळत नाहीत. गार नळीतून पहिली गोळी कुठे पडते ते वहीत लिहा, शिकारीला तीच लागते.

काट्याचं एक राहिलं. इलेक्ट्रॉनिक काटा असेल तर पंखा बंद, मोबाइल लांब, आणि दर थोड्या वेळाने तपासणीचं वजन ठेवून बघा. काटा सरकतो आणि सांगत नाही. टेबलावर एका वेळी एकच पावडरचा डबा. उरलेली पावडर लगेच मूळ डब्यात, बिननावाच्या बरणीत कधीच नाही.

तोवर आधी भरलेली ती जड बोल्टची काडतुसं झाडून संपवू नका. पुलरने गोळ्या काढून केस परत घ्या. थ्रोटचं माप, केसची लांबी, नळीची लांबी आणि वेग इथे टाका, मग पुढचं बोलू. सेवा विभागाला पत्र लिहायचंच असेल तर त्यात हेडस्पेस हा शब्द येऊ देऊ नका, थ्रोटचं माप लेखी मागा.